प्रयोगशाळा संच: परवाने आणि निर्यात-नियमांच्या नोंदी

३ जून २०२४

पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या लॅबसाठी लागणारं सॉफ्टवेअर एका जागी ठेवायचं काम आज सुरू केलं. तालुक्याच्या ठिकाणी नेट यथातथाच असतं. प्रत्येक मशीनवर वेगळं डाउनलोड करत बसण्यापेक्षा लॅब असिस्टंटने आमच्या सर्व्हरवरून एकदाच पूर्ण संच उतरवून घ्यावा आणि लॅनवरून किंवा पेनड्राइव्हने सगळीकडे टाकावा, एवढाच हेतू. शिक्षकांकडून आलेली यादी: पायथन, जावा, सी कंपायलर, ऑक्टेव्ह, सायलॅब, कायकॅड, गिंप, इंकस्केप, व्हीएलसी, लिबरऑफिस, फायरफॉक्स, सेव्हन-झिप, पुटी, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएस कोड, डिस्क कुलूपबंद करायला व्हेराक्रिप्ट, मराठी टायपिंगचे फाँट, आणि बऱ्याच जणांनी आग्रहाने लिहिलेलं टर्बो सी.

यातलं जवळजवळ सगळं नेटवर पैसे न मोजता मिळतं. त्यामुळे पहिल्याच बैठकीत मत पडलं, "मग विचारायचं कुणाला? टाका सर्व्हरवर." मला ते पटत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीच्या व्याख्येतच घातलेला आहे. प्रती काढायचा आणि त्या लोकांपर्यंत पोचवायचा हक्क मुळात मालकाचा. परवान्यात त्याने जेवढं देऊ केलं तेवढंच आपलं. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही कलम ६३-ब खाली किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे. आर्थिक फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण आपण दिलेल्या सीडीमुळे एखाद्या कॉलेजवर कोर्टाच्या दयेची वेळ का यावी?

तक्ता आखला. प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे तीन प्रश्न: वापरता येतं का, उतरवून घेता येतं का, पुढे देता येतं का. पहिल्या दोन्हींना 'हो' आलं तरी तिसऱ्याचं उत्तर वेगळं निघू शकतं, आणि आपलं सगळं काम त्या तिसऱ्या रकान्यातलं आहे.

७ जून

सोपी मंडळी आधी उरकली. पुटी एमआयटी या मोकळ्या परवान्याचं. पायथनचा स्वतःचा परवाना आहे, तोही मोकळा. दोन्हीकडे अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीबरोबर गेला पाहिजे. अपाची २.० या तशाच मोकळ्या परवान्यात आणखी एक गोष्ट आहे. मूळ पॅकेजात 'नोटिस' नावाची फाइल असेल तर तिच्यातला मजकूरही पुढे न्यावा लागतो. सेव्हन-झिपचा बराचसा कोड एलजीपीएल या परवान्याचा आहे, पण रार फाइल उलगडणाऱ्या भागावर वेगळं बंधन आहे: त्या कोडवरून रारचं दाबणं पुन्हा तयार करायचं नाही. आपण जसंच्या तसं देणार, त्यामुळे अडत नाही. तक्त्यात मात्र लिहून ठेवलं.

एका कॉलेजात सध्या चालणारी 'मास्टर' डीव्हीडी उघडून पाहिली. कुणीतरी चार जीबीची आयएसओ (डिस्कची एकसंध फाइल) बांधताना प्रत्येक फोल्डरमधून परवान्याच्या फाइली वेचून काढून टाकल्या आहेत. कारण विचारलं तर "साइझ कमी करायला". जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा संपूर्ण मजकूर अठरा केबी आहे! ज्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून हे लिहिलं, त्यांची नावं आणि त्यांच्या अटी त्या अठरा केबीत असतात. विद्यार्थ्याला ते प्रोग्रॅमबरोबर मिळायलाच हवं, आणि इथे नियम व सभ्यता दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

१२ जून

आजचा दिवस जीपीएलवर गेला. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

सर्वसाधारण समज असा: सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) मूळ साइटवर आहे, आपण फक्त चालतं सॉफ्टवेअर ठेवतो, ज्याला सोर्स हवा तो तिकडे जाईल. जीपीएल दोनचं (जून १९९१) तिसरं कलम वाचलं की हे टिकत नाही. बायनरी, म्हणजे चालतं सॉफ्टवेअर, पुढे देणाऱ्यापुढे तीन वाटा आहेत. सोबत सोर्स द्या. नाहीतर किमान तीन वर्षं चालेल असं लेखी वचन द्या, की जो कुणी मागेल त्याला पाठवण्याच्या खर्चात सोर्स देऊ. किंवा तुम्हाला मिळालेलं तसंच लेखी वचन पुढे सरकवा. ही तिसरी वाट फक्त बिनव्यापारी वाटपाला मोकळी आहे. आपण बिनव्यापारीच, म्हणून सहकाऱ्याने लगेच तिच्यावर बोट ठेवलं. पण तिची दुसरी अट अशी की आपल्याला बायनरी मिळताना असं वचन मिळालेलं असलं पाहिजे. व्हीएलसीसारखे प्रकल्प वचन देत नाहीत, ते सोर्सच शेजारी ठेवतात. मग पुढे सरकवणार काय?

नेटवरून देणाऱ्यांसाठी त्याच कलमाच्या शेवटी सोय आहे: ज्या जागेवरून बायनरी उतरवता येते त्याच जागेवरून सोर्सही तितक्याच सहज उतरवता आला, की पुरे. जीपीएल तीन (२९ जून २००७) थोडं सैल आहे. सोर्स दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला तरी चालतो, पण बायनरीशेजारी स्पष्ट खूण हवी आणि तो तिथे राहील याची जबाबदारी आपलीच. त्यांनी उद्या जुनी आवृत्ती काढून टाकली तर उत्तर आपण द्यायचं.

हे कागदी भय नाही. २००६ साली मेपिस नावाच्या लिनक्स वितरणाला जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नेमकं हेच कळवलं होतं. त्यांनी उबुंटू या दुसऱ्या वितरणाची पॅकेजेस न बदलता घेतली होती आणि त्यांच्या सोर्ससाठी उबुंटूकडे बोट दाखवत होते. सांगण्यात आलं, तुम्ही बायनरी देता तर सोर्सही तुम्हीच द्या. त्याआधी २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने लिनक्समधल्या नेटफिल्टर प्रकल्पाचे प्रोग्रॅमर हॅराल्ड वेल्टे यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला होता. राउटर विकणाऱ्या कंपनीने जीपीएलच्या अटी पाळल्या नव्हत्या. परवाना म्हणजे शोभेचा मजकूर नाही, हे तेव्हापासून कोर्टाच्या शिक्क्यानिशी ठरलेलं आहे.

निर्णय: जीपीएलच्या प्रत्येक बायनरीशेजारी त्याच आवृत्तीचा सोर्स, आमच्याच सर्व्हरवर. फोल्डरची मांडणी अशी ठरली: आवृत्तीच्या नावाचा फोल्डर, त्यात 'चालवा', 'सोर्स' आणि 'परवाना' असे तीन. 'चालवा' काढलं तर बाकीची दोन्ही त्याच वेळी निघतील. आवृत्ती तंतोतंत जुळणं महत्त्वाचं. ३.०.२० ची बायनरी आणि ३.०.२१ चा सोर्स म्हणजे सोर्स न दिल्यासारखंच.

विंडोजच्या गिंपमध्ये गिंप एकटं नसतं. जीटीके, जीलिब, केरो आणि कितीतरी लायब्रऱ्या त्याच इन्स्टॉलरमध्ये येतात. त्यांचे सोर्स आणि बांधणीच्या स्क्रिप्टसुद्धा गोळा करायच्या. काम वाढलं, जागाही दुपटीहून जास्त लागणार. हरकत नाही. एखाद्या पोराने उद्या सोर्स उघडून बघितला तर संचातला सगळ्यात मोलाचा भाग तोच ठरेल.

१३ जून

लिबरऑफिस: एमपीएल २.० हा परवाना. बायनरीबरोबर सोर्स कुठे मिळेल हे कळवणं पुरेसं आहे. तरीही सोर्स ठेवतोय, एकच शिस्त सगळ्यांना.

१९ जून

जावा. इथे सॉफ्टवेअरचं नाव तेच राहतं आणि परवाना आवृत्तीगणिक बदलतो.

१६ एप्रिल २०१९ पासून ऑरॅकलने जावा आठच्या नव्या अपडेट्ससाठी परवाना बदलला. वैयक्तिक वापर आणि डेव्हलपमेंटला फुकट, बाकी पैसे. त्याआधीच्या अपडेट्स जुन्या परवान्याखाली. मग सप्टेंबर २०२१ मध्ये जावा सतरा आलं ते पुन्हा मोकळ्या अटींवर: न बदलता, पैसे न घेता पुढे द्यायचीही मुभा. पण तीही कायमची नाही. पुढची दीर्घकालीन आवृत्ती आल्यावर वर्षभरच; म्हणजे सतराच्या सप्टेंबर २०२४ नंतरच्या अपडेट्स पुन्हा बंधनात. "जावा फुकट आहे का?" या प्रश्नाला आवृत्ती आणि तारीख विचारल्याशिवाय उत्तरच नाही. लॅब असिस्टंटने हे तारखांचं गणित सांभाळावं अशी अपेक्षा करणं चुकीचं आहे.

एक्लिप्स संस्थेने बांधलेलं जावा, टेमुरिन, घेतलं. तो ओपनजेडीके, म्हणजे जावाचा मोकळा सोर्सच आहे, जीपीएल दोन अधिक क्लासपाथ अपवाद. अपवादाचा अर्थ विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचा: जावाच्या लायब्रऱ्यांशी जोडला म्हणून त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम जीपीएल होत नाही. सोर्स शेजारी ठेवला.

जुन्या जावा आठच्या एका सीडीवर 'अमर्याद क्षमता' नावाची वेगळी झिप सापडली. लॅबच्या मॅडमनी विचारलं, ही कशाला? २०१८ च्या जानेवारीपर्यंत जावात एईएस या सांकेतिकरणाच्या (मजकूर कुलूपबंद करण्याच्या) पद्धतीची किल्ली १२८ बिटांवर अडवलेली असायची. २५६ बिट वापरायच्या तर ही फाइल वेगळी उतरवून आत टाकावी लागे. सांकेतिकरणावरच्या देशोदेशीच्या कायद्यांची ती निशाणी. हा विषय पुढे येणारच आहे.

२४ जून

टर्बो सी. या एका नावावर सगळ्यात जास्त फोन झाले.

वस्तुस्थिती अशी. कॉलेजांत फिरतं ते टर्बो सी प्लस प्लस ३.०, डॉसबॉक्स या जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गुंडाळलेलं, कारण सोळा बिटांचा प्रोग्रॅम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाही. डॉसबॉक्स जीपीएल आहे, तो देता येतो. आतला कंपायलर बोरलँडचा. २००८ मध्ये ती साधनं एम्बार्काडेरोकडे गेली. बोरलँडने आपल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयातून काही आवृत्त्या फुकट उतरवायला दिल्या होत्या: टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी प्लस प्लस १.०१. त्यात ३.० नाही. आणि ज्या होत्या त्यांचीही परवानगी उतरवून घेण्याची. आपण आपल्या सर्व्हरवरून वाटण्याची नव्हे. म्हणजे वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर पेनड्राइव्हवरून पोचलेल्या या प्रोग्रॅमच्या तिसऱ्या रकान्यात 'नाही' लिहावं लागलं.

लॅबच्या मॅडमशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "सर, मला कळतंय. पण पोरांच्या जर्नलमध्ये क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच या टर्बोच्या आज्ञा आहेत. नव्या कंपायलरला त्यांची कोनिओ फाइल सापडली तरी क्लिअरस्क्रीन सापडत नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी एरर आली की रडतात हो पोरं."

ही अडचण खरी आहे आणि 'परवाना नाही' एवढं सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. म्हणून कोडब्लॉक्स हा एडिटर आणि मिनजीडब्ल्यूचं जीसीसी हा सी कंपायलर घेतला, आणि क्लिअरस्क्रीनसाठी चार ओळींची हेडर फाइल लिहून तिच्यावर आमचाच एमआयटी परवाना लावला. जीसीसीच्या रनटाइमला (बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये मिसळणाऱ्या भागाला) जीपीएलमधून अपवाद आहे, त्यामुळे पोरांनी बांधलेला प्रोग्रॅम त्यांचाच राहतो. जुन्या जर्नलमधले प्रोग्रॅम एकेक करून चालवून बघितले; 'व्हॉइड मेन' आणि 'आयओस्ट्रीम डॉट एच' सोडता बहुतेक चालले. त्या दोन्ही गोष्टी १९९८ च्या सी प्लस प्लस मानकाआधीच्या सवयी आहेत, त्या सुटल्या तर बरंच. मॅडमना नमुना पाठवला. "या सत्रात एका बॅचला लावून बघते" म्हणाल्या.

१ जुलै

फाँट. यादीत सगळ्यांनी 'मंगल' लिहिलंय.

मंगलचं रेखाटन र. कृ. जोशींचं. मराठी अक्षरांवर ज्यांचं इतकं ऋण आहे त्या माणसाचं काम घरोघरच्या विंडोजमध्ये बसलेलं आहे याचा अभिमान वाटतो. पण फाँटचा मालकी हक्क मायक्रोसॉफ्टचा, आणि तो विंडोजचा भाग म्हणून मिळतो. जुन्या विंडोजच्या मशीनवर तो आधीच असायचा; विंडोज १० पासून तो देवनागरीच्या जादा फाँटच्या ऐच्छिक भागात येतो. लिनक्सच्या लॅबसाठी फाइल उचलून संचात घालायची परवानगी नाही. मंगल बाहेर.

फाँटच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टनेच एक वेगळी वाट १९९६ मध्ये दाखवली होती. एरियल, टाइम्स वगैरे वेबसाठी फुकट दिले. अट एवढीच की मूळ इन्स्टॉलर जसाच्या तसा द्यायचा, आतली फाइल काढून वेगळी वाटायची नाही. २००२ मध्ये त्यांनी ते डाउनलोड बंद केलं, तरी आधी दिलेली परवानगी उरली. म्हणूनच डेबियन या लिनक्स वितरणाचं त्या फाँटचं पॅकेज आत फाँट ठेवत नाही. ते वापरणाऱ्याच्या मशीनवर मूळ फाइल आणून तिथेच उलगडतं. अडचण असलेल्या वस्तूंसाठी हा मार्ग लक्षात ठेवला: आपण देऊ नये, आणायचा रस्ता द्यावा.

मोकळ्या बाजूला लोहित देवनागरी, नोटो आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता. तिन्ही ओएफएल या फाँटांसाठीच्या मोकळ्या परवान्याचे. ओएफएल म्हणतं: फाँट एकटा विकायचा नाही, सॉफ्टवेअरबरोबर द्यायला हरकत नाही, परवान्याचा मजकूर सोबत हवा, आणि राखीव नाव असेल तर बदललेल्या फाँटला ते नाव लावायचं नाही. एका सरांनी 'र्‍य' त्यांच्या पसंतीचा करून फाँट त्याच नावाने ठेवायला सांगितलं होतं. नाव बदलून ठेवू म्हटलं, तयार झाले.

५ जुलै

नावांचा प्रश्न फायरफॉक्समध्येही आला. मोझिला न बदललेला फायरफॉक्स पुढे देऊ देते. आत कॉलेजचा लोगो, होमपेज, दोन एक्स्टेंशन घालून 'फायरफॉक्स' म्हणून देणं मात्र त्यांच्या ट्रेडमार्क धोरणात बसत नाही. कोड मोकळा, नाव राखीव. याच भांडणातून डेबियनने २००६ पासून दहा वर्षं तो ब्राउझर 'आइसवीझल' नावाने दिला. आम्ही मूळ इन्स्टॉलर ठेवतो. लोगोची मागणी नाकारली.

व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य भाग जीपीएल, त्याचा एक्स्टेंशन पॅक वेगळ्या, बंद परवान्याचा. पॅक बाहेर. व्हीएस कोडचा सोर्स एमआयटीचा, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरते ती बायनरी त्यांच्या स्वतःच्या परवान्याची, आणि तिच्यात पुढे वाटायची मुभा नाही. त्याच सोर्सवरून समुदायाने बांधलेलं व्हीएसकोडियम घेतलं. एक्स्टेंशन ओपन व्हीएसएक्स या मोकळ्या भांडारातून येतील, कारण मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस त्यांच्याच उत्पादनांपुरतं आहे. शिक्षकांना हे आधीच कळवलेलं बरं, नाहीतर वर्गात गोंधळ.

१५ जुलै

सर्व्हरच्या करारातलं निर्यात-कलम वाचताना धाकटा सहकारी म्हणाला, "दादा, आपण कुठं काय निर्यात करतोय? जालना आणि उस्मानाबादच्या पोरांसाठी आहे हे."

लिंक सगळ्या जगाला उघडी आहे. जर्मनीतल्या माजी विद्यार्थ्याने उतरवलं की ते देशाबाहेर गेलं. शिवाय संचातला बराच माल अमेरिकेत तयार झालेला; अमेरिकेचे नियम तिथल्या मालाच्या पुनर्निर्यातीलाही लागतात, मग तो भारतातून का निघेना. आणि पुटी, जीएनयूपीजी (फाइली व ई-मेल सांकेतिक करणारा मोकळा प्रोग्रॅम), जावा, पायथन या सगळ्यांत सांकेतिकरण आहे, जे या नियमांचं जुनं दुखणं.

त्याला इतिहास सांगितला, कारण त्याशिवाय आजचे नियम उमजत नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकेत भक्कम सांकेतिकरण दारूगोळ्याच्या यादीत होतं. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे ई-मेल सांकेतिक करणारं सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं, ते नेटवरून देशाबाहेर गेलं, आणि १९९३ पासून त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. जानेवारी १९९६ मध्ये ती सोडून देण्यात आली. मधल्या काळात, १९९५ ला, एमआयटी प्रेसने त्याचा सोर्स पुस्तक म्हणून छापला. फ्लॉपीवर गुन्हा ठरणारा मजकूर कागदावर मात्र पुस्तक होता. १९९७ मध्ये पीजीपी ५.० चा छापील सोर्स कायदेशीरपणे बाहेर नेऊन युरोपातल्या स्वयंसेवकांनी पान-पान स्कॅन करून पुन्हा प्रोग्रॅम बांधला. नेटस्केप ब्राउझरची परदेशी आवृत्ती तेव्हा ४० बिटांवर थांबवलेली असायची. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम कॅनडातून निघत होती. डेबियनने सांकेतिकरणाची पॅकेजेस अमेरिकेबाहेर 'नॉन-यूएस' नावाच्या वेगळ्या कोठारात ठेवली होती. जीएनयूपीजी जर्मनीत लिहिलं गेलं, त्याची १.० आवृत्ती सप्टेंबर १९९९ ची.

१९९६ च्या नोव्हेंबरात हा विषय परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेला. बर्कलीचे संशोधक डॅनियल बर्नस्टाइन यांच्या खटल्यात ६ मे १९९९ ला अपील कोर्टाने त्यांचा सोर्स कोड अभिव्यक्ती-स्वातंत्र्याखाली मोडतो असं म्हटलं. जानेवारी २००० मध्ये नियम सैल झाले आणि जाहीर सोर्सला वाट मिळाली. डेबियनची सांकेतिकरणाची बहुतेक पॅकेजेस २००२ च्या 'वूडी' आवृत्तीत मुख्य कोठारात आली.

सहकारी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आज मी एका क्लिकवर जे उतरवतो त्यासाठी माणसं कोर्टात उभी राहिली." हो. म्हणूनच अशा वस्तू निष्काळजीपणे हाताळाव्यात असं मला वाटत नाही.

२२ जुलै

आजची स्थिती. जेवढं पक्कं कळलं तेवढंच लिहितो.

अमेरिकेच्या निर्यात नियमांत 'प्रकाशित' सॉफ्टवेअर नियंत्रणाच्या बाहेर आहे, आणि प्रकाशित कशाला म्हणायचं तर जे पुढे पसरवण्यावर बंधन न ठेवता लोकांना उपलब्ध केलं आहे. सांकेतिकरणाला जादा अट: सोर्स जाहीर हवा. त्या सोर्सवरून बांधलेली बायनरीही मग मोकळी. पूर्वी सोर्स जाहीर करणाऱ्याला वाणिज्य खात्याला आणि एनएसए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेला ई-मेलने सूचना द्यावी लागे. २९ मार्च २०२१ पासून ती फक्त अमानक, घरगुती पद्धतीच्या सांकेतिकरणापुरती उरली. आपल्या संचातले एईएस, आरएसए वगैरे सगळे मानक.

आपल्याकडे नियम परकीय व्यापार महासंचालनालयाचे. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यात २०१० ला दुरुस्ती होऊन दुहेरी (नागरी आणि लष्करी) उपयोगाच्या वस्तू आणि तंत्रज्ञानासाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. यादीला स्कोमेट म्हणतात. २०१७ मध्ये तिच्यात आठवा गट आला, वासेनार कराराच्या (शस्त्रं आणि दुहेरी उपयोगाच्या मालाच्या निर्यातीवरचा अनेक देशांचा करार) यादीच्या धर्तीवर, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारत वासेनारचा सदस्य झाला. आठव्या गटात माहिती-सुरक्षेचं एक पूर्ण उपांग आहे. इथेही सॉफ्टवेअरविषयीच्या सामान्य टिपेत सार्वजनिक उपलब्ध सॉफ्टवेअर वगळलं आहे. आणि त्याची व्याख्या? पुढे पसरवण्यावर बंधन न ठेवता उपलब्ध केलेलं. नुसता कॉपीराइट असल्याने ही सवलत जात नाही, असंही तिथेच म्हटलेलं आहे.

दोन्ही देशांचे नियम शेजारी ठेवून वाचले तेव्हा आमच्या तक्त्याचं महत्त्व मला नव्याने कळलं. परवान्याच्या छाननीत आम्ही ज्या प्रश्नावर महिनाभर झगडलो, 'पुढे देता येतं का', तोच प्रश्न निर्यातीचाही निकाल लावतो. जीएनयूपीजीला ही सवलत मिळते, कारण कुणीही कुणालाही देऊ शकतं. 'फक्त आमच्याच साइटवरून उतरवा' असं म्हणणारं फुकट बंद सॉफ्टवेअर या व्याख्येत बसत नाही. त्याला वेगळे नियम, वेगळं वर्गीकरण, आणि ते कुणी करून घेतलंय की नाही हे आपल्याला बाहेरून तपासता येत नाही. अशा वस्तू संचात नकोत, हे माझं मत आता दोन्ही अंगांनी पक्कं झालं.

आर्थिक निर्बंध ही तिसरी गोष्ट, वेगळी. ते मुख्यतः अमेरिकी कंपन्यांना बांधतात, म्हणून सर्व्हर कुणाचा हे बघावं लागतं. २०१० च्या जानेवारीत सोर्सफोर्ज या मोकळा कोड ठेवायच्या अमेरिकी साइटने क्यूबा, इराण, उत्तर कोरिया, सुदान, सीरिया इथून येणाऱ्यांना सरसकट अडवलं, पुढच्याच महिन्यात निर्णय प्रकल्पांवर सोपवला. २०१९ च्या जुलैत तशाच गिटहब साइटने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या वापरणाऱ्यांवर बंधनं घातली. इराणसाठी परवाना मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. मोकळं सॉफ्टवेअर लिहिणारी तिथली पोरं त्या दीड वर्षात खासगी कोठारांतल्या स्वतःच्याच कोडपासून तुटली होती. आम्ही आमच्याकडून कुठलाही देश अडवत नाही. सर्व्हर भारतीय कंपनीचा, भारतातला निवडला. करारातलं कलम पुन्हा एकदा वकील मैत्रिणीला वाचायला दिलंय.

२६ जुलै

वकील मैत्रिणीचं उत्तर: मांडणी बरोबर आहे, एक वाक्य घाला. संचात फक्त जाहीर सोर्सचं सॉफ्टवेअर आहे आणि सांकेतिकरण असलेल्या वस्तूंची यादी ही, असं पहिल्याच पानावर असू दे. घातलं.

२९ जुलै

व्हेराक्रिप्टवर अडलो. काम उत्तम, सोर्स जाहीर, प्रकल्प फ्रान्समध्ये सुरू झालेला. पण काही भाग अपाची २.० खाली आणि जुना भाग, ज्यावरून ते बनलं त्या ट्रूक्रिप्टच्या परवान्याखाली आहे. त्या परवान्याच्या भाषेवर मोठ्या वितरणांनी शंका घेतली आहे. डेबियन ते आपल्या कोठारात घेत नाही. मनाई आहे असं नव्हे. पण जिथे डेबियनची अनुभवी मंडळी थांबतात तिथे आमच्यासारख्या छोट्या गटाने पुढे जायचं कारण नाही. सूचना-पानावर त्यांच्या साइटचा पत्ता दिला.

५ ऑगस्ट

मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅमरचा ड्रायव्हर. बंद सोर्स, छोट्या कंपनीचा, परवान्याची फाइलच नाही. फाइल नाही म्हणजे परवानगी नाही, हे सहकाऱ्याला आता सांगावं लागत नाही. कंपनीला पत्र लिहिलं: कोण आहोत, कुठली आवृत्ती, कुणाला देणार, बदल करणार नाही. आज उत्तर आलं, शैक्षणिक संस्थांना न बदलता द्यायला परवानगी. तो ई-मेल पीडीएफ करून 'परवाना' फोल्डरमध्ये ठेवला.

फक्त शैक्षणिक संस्था म्हटलंय, म्हणजे हा सार्वजनिक उपलब्ध नव्हे. जाहीर लिंकवर ठेवायचा नाही. कॉलेजने पत्रावर मागितलं की त्या कॉलेजला, भारतातल्या भारतात.

९ ऑगस्ट

प्रत्येक फाइलची शा-२५६ खूण (फाइल बदलली का हे ओळखणारी) आणि परवान्याचं एसपीडीएक्स पद्धतीचं ठराविक छोटं नाव असलेला तक्ता तयार. एसपीडीएक्स आता आयएसओ मानक आहे (५९६२, २०२१), त्यामुळे उद्या हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तरी तेच नाव तोच अर्थ देईल. पडताळणीची स्क्रिप्ट अशी लिहिली की 'सोर्स' किंवा 'परवाना' रिकामा असेल तर तो फोल्डर जाहीर होतच नाही. तपासायला इंकस्केपचा सोर्स मुद्दाम काढून बघितला. स्क्रिप्टने फोल्डर रोखला.

पेनड्राइव्हवरून जाणाऱ्या संचात सोर्स त्याच ड्राइव्हवर. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर सगळं बसतं, त्यामुळे तीन वर्षांच्या लेखी वचनाची गरज पडत नाही. लॅब असिस्टंटसाठी मराठीत एक पान लिहिलं: संच दुसऱ्या कॉलेजला द्यायचा तर पूर्ण ड्राइव्ह कॉपी करा, एखादाच फोल्डर हवा असेल तर तिन्ही उपफोल्डरसकट द्या. ते पुढे देतील तेव्हा वितरक तेच असतील, आणि त्यांचीही बाजू नीट असली पाहिजे.

१४ ऑगस्ट

पहिली आवृत्ती जाहीर केली. टर्बो, मंगल, व्हेराक्रिप्ट, व्हर्च्युअलबॉक्सचा पॅक आणि मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड बाहेर. प्रत्येकाचं कारण आणि पर्याय सूचना-पानावर. मॅडमच्या बॅचने नव्या कंपायलरवर पहिली चार प्रॅक्टिकल पूर्ण केली. ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल अडलंय, कारण बोरलँडची ग्राफिक्स लायब्ररी नाही. पर्यायी लायब्ररी पाहिली, तिचा परवाना कुठेच लिहिलेला नाही. मूळ लेखकाचा ई-मेल शोधून आज पत्र पाठवलं.

सप्टेंबरात जावा सतराच्या तारखेकडे आणि टेमुरिनच्या नव्या अपडेटकडे बघायचं. कायकॅडच्या सुट्या भागांच्या लायब्ररीचा परवाना प्रोग्रॅमहून वेगळा, क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. तो पुढच्या आवृत्तीआधी तक्त्यात स्वतंत्र ओळीत घ्यायचा.